बर्मावाली आणि तिची सासू

बर्मावाली रोज सकाळी सासूला पाठीवर घेऊन कामावर यायची. जुन्या चादरीने म्हातारीला कमरेशी आणि खांद्याशी आवळून बांधायची आणि गावाबाहेरच्या झोपडीपासून धाड गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मिरचीच्या शेडपर्यंत वाकून चालत यायची. शेडमध्ये आम्ही पंधरा-वीस बाया वाळल्या मिरचीचे देठ खुडायला बसायचो. पहिल्या दिवशी ती अशी आली तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. आमच्यातल्या निम्म्या बायांच्या सुना चहा देताना कप आपटून देतात.

माझ्या शेजारी बसणारी कमल म्हणाली, "आपल्या सुनाईले आणून दाखवा वो हे."

दुसरी म्हणाली, "नको माय. माही सून म्हणंल, बांधायचंच हाय ना, मंग मीबी बांधते तुम्हाले. खाटेले."

म्हातारीचे पाय गेलेले होते, पण तोंड शाबूत होतं. पाठीवर बसून ती सुनेला शिव्या द्यायची. भाषा आम्हाला कळत नव्हती, पण शिवी कळायला भाषा लागत नाही. सून भलत्या बाजूने वळली की म्हातारी तिचा कान ओढायची, बैलाचा कासरा ओढावा तसा. बर्मावालीही ऐकून घेणारी नव्हती. वाकल्या वाकल्या उलट बोलायची. त्यांचं भांडण आधी शेडमध्ये पोचायचं, मागून त्या दोघी.

शेडमध्ये आली की ती लगेच सासूला खाली ठेवायची नाही. पदराची दशी वर धरून वारा कुठून येतो ते बघायची आणि मिरचीचा खाट नाकातोंडात जाणार नाही अशा बाजूला म्हातारीला बसवायची. दुपारी वारा फिरला की उठून तिला उचलून दुसरीकडे ठेवायची. मुकादम ओरडायचा, "अवो, काम करून राह्यली का सासू फिरवून राह्यली?" ती म्हणायची, "दोनों." तिचा हात आमच्यापेक्षा भरभर चालायचा, म्हणून मुकादम ओरडून गप्प बसायचा. जेवायला ती भात, सुकट आणि तिखटाची चटणी आणायची. सुकटीच्या वासाने कमल तोंड फिरवायची. मी मागून घ्यायचे. चांगली करायची.

तिला अंतर मैलात किंवा तासात सांगता येत नव्हतं. ती नद्या मोजायची. तिचा धाकटा दीर हैदराबादेत भंगार गोळा करायचा. कमलने विचारलं, "म्हाताऱ्या मायचा पोरगा जित्ता हाय अन् सून वागवते, असं काऊन?"

"उसका घर में आठ आदमी है. बुढ़िया का पैर रखने को जगा नहीं."

"हैदराबाद किती लांब हाय तुह्या हिशोबानं?"

"तीन-चार नदी."

"अन् धाड?" मी विचारलं.

"बीच में नदी नहीं, तो नजदीक." मग आमच्या ओढ्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "इसको नदी मत बोलो, नानी. इसमें चप्पल बी नहीं भीगती."

तिच्या गावापासून इथपर्यंत किती नद्या, हे मी एकदा विचारलं. तिने बोटं मोजली, परत मोजली, आणि म्हणाली की पहिल्या नदीनंतर मोजलं नाही. त्या पहिल्या नदीत तिचा नवरा गेला. गाव जळत होतं, नावेत माणसं जास्त झाली होती. हे तिने देठ खुडता खुडता सांगितलं. हात थांबवला नाही.

एकदा म्हातारीने फारच शिव्या दिल्या तेव्हा कमल चेष्टेने म्हणाली, "फेकून काऊन नाही देत वो तिले?"

बर्मावालीने मान वर केली. म्हणाली, "फेंका था. एक बार. झाड के नीचे रख के भाग गई थी. बहोत दूर तक गई." मग एक मूठ मिरची पुढे ओढली. "फिर वापस गई उठाने."

म्हातारी तिच्याकडे बघत होती. तिला हिंदी कळत नसे, पण हे कळलं असावं. त्या दिवशी घरी जाताना तिने सुनेचा कान ओढला नाही. कमलनेही पुन्हा चेष्टा केली नाही.

त्यांचं गाव जाळणारे कोण होते, हे मी विचारायला नको होतं. विचारलं. ती जरा थांबली, कारण माझ्या घरात बुद्धाची मूर्ती आहे हे तिला माहीत होतं. मग सांगितलं. सैनिक होते, आणि शेजारच्या गावचे लोक होते, आणि त्यांच्यात चीवर घातलेले भिक्खूही होते. मी दोन रविवार विहारात गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले. पंचशीलातली पहिलीच ओळ, जीवहिंसा करणार नाही ही, माझ्याकडून म्हटली गेली नाही. बुद्धाने कोणाचं घर जाळलेलं नाही, पण त्याचं नाव घेऊन जाळलं, आणि ते नाव मीही घेते. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमने थोडी जलाया, नानी." तेव्हा मला बरं वाटलं. माणसाला स्वस्तात सुटका मिळाली की बरंच वाटतं.

त्या दोघींकडे एकेक कार्ड होतं. दिल्लीतल्या युनोच्या कचेरीतून मिळालेलं, फोटो असलेलं, हे निर्वासित आहेत असं लिहिलेलं. बर्मावालीने ते प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, असं चार पिशव्यांत ठेवलं होतं. कोणीही नवं माणूस आलं की ती पिशव्या सोडायला लागायची. गावातले लोक मुद्दाम मागायचे. पानवाला मागायचा, दूधवाला मागायचा. कार्ड बघून त्यांना काही कळत नव्हतं. पण कोणीतरी आपल्याला कागद दाखवतंय याची मजा वाटायची.

मग मोहीम निघाली. बाहेरदेशची माणसं हुडकायची. एक दिवस दुपारी शेडवर हवालदार आला, वयाने माझ्या नातवाएवढा, बोलायला गोड. त्याने बर्मावालीचं कार्ड बघितलं आणि म्हणाला, "हे आपलं सरकार मानत नाही." मग कार्डावरचं नाव उतरवून घेतलं आणि तिला बरंच काही विचारलं. तिने सगळं सांगितलं, नद्यांसकट. त्याने लिहून घेतलं. मग पंच पाहिजेत म्हणाला. एक मुकादम झाला. दुसरं कोण, म्हणून तो आम्हा बायांकडे वळला.

"सही येते का कोणाला?"

बऱ्याच जणींचा अंगठा. मी चौथी शिकलेली आहे. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, पण मला शाळेत घातलं आणि सही गिरवून घेतली. मी म्हटलं, "मले येते."

"कायचा कागद हाय?" असं मी विचारलं. तेवढं विचारलं.

"काही नाही आजी, ह्या इथं राहतात आणि काम करतात, एवढंच."

चष्मा घरी होता. त्याचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं. मी सही केली. मुकादमाच्या आधी, पहिल्या जागेवर. वेलांटी नीट काढली. तो म्हणाला, "वा आजी, झकास सही," आणि मी हसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण मी हसले.

दुसऱ्या दिवशी बर्मावालीने गूळ घालून भात करून आणला आणि सगळ्यांना वाटला. तिला वाटलं, गावच्या बाईने सही केली म्हणजे आता गाव आपल्यामागे आहे. सासूला भात भरवताना ती आपल्या भाषेत काहीतरी सांगत होती आणि माझ्याकडे बोट दाखवत होती. म्हातारीने माझ्याकडे बघून सलाम केल्यासारखा कपाळाला हात लावला. मी दोनदा भात घेतला.

आठ दिवसांनी गाडी आली. शेडवर नाही, झोपडीवर. मला कळलं तशी मी गेले. निम्मं गाव जमलं होतं. एवढं गाव तिच्या झोपडीवर त्याआधी कधी आलं नव्हतं. आमचा सरपंच एका बाजूला उभा होता. मी त्याला म्हटलं, "तू काही बोल ना बे. तुह्या गावात राह्यली ते."

"वरून आदेश हाय, काकू."

वरून म्हणजे कोणाकडून, ते तो सांगेना. हवालदाराला विचारलं, तोही म्हणाला वरून. कुठेही विचारा, प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतंच. सगळ्यात वर जो बसला आहे त्याला ही दोन माणसं दिसत तरी होती का?

म्हातारीला गाडीत कसं चढवायचं यावर पोलिसांचं अडलं. कोणाला हात लावायचा नव्हता. बर्मावालीने चादर घेतली, सासूला पाठीवर बांधलं, रोजच्यासारखी वाकली आणि गाडीकडे चालत गेली. म्हातारी मोठमोठ्याने शिव्या देत होती, ह्या वेळी सुनेला नाही. लोक हसले. मोबाइल वर धरून हसले. ज्यांच्या पोरांची लग्नं मी लावून आले आहे, ज्यांच्या मयतीला मी रडले आहे, ती माणसं हसली. मला राग आला होता तो महिनाभरात गेला. किळस आली होती ती गेलेली नाही. ह्याच लोकांत मी बसते, उठते, जेवते.

गाडीत चढण्याआधी तिने मागे वळून मला शोधलं. म्हणाली, "नानी, बोलो ना इनको. तुमने लिखके दिया है ना."

मी हवालदाराला म्हटलं, "मी सही केली हाय, हे इथंच राह्यतात म्हणून."

तो म्हणाला, "हो आजी, तुमची सही आहे." आणि दार लावलं.

संध्याकाळी हॉटेलातल्या टीव्हीवर जिल्ह्यात घुसखोर पकडल्याचं दाखवलं. पाठीवरची म्हातारी दाखवली. खाली लाल पट्टी, वर वाजंत्री. लोक आपलं गाव दिसतंय म्हणून खूश होते.

पुढचं तिच्या दिराकडून कळलं. महिनाभर त्यांना कुठल्यातरी कुलूपबंद हॉलमध्ये ठेवलं. मग गाडीत, मग रेल्वेत, मग पुन्हा गाडीत घालून देशाच्या टोकाला नेलं. तिथे पाण्याच्या काठाला उतरवलं आणि समोर बोट दाखवून सांगितलं, चालायला लागा, मागे बघायचं नाही. ही माणसं ज्यांच्यापासून पळून आली होती त्यांच्याकडे तोंड करून उभी केली. कोर्ट नाही, कचेरी नाही, कोणी निकाल वाचला नाही. पलीकडून एका माणसाने दिराला फोन केला होता. त्याने बर्मावालीला कमरेएवढ्या पाण्यात बघितलं होतं. पाठीवर कोणी होतं का, हे त्याला सांगता येईना. त्यानंतर फोन नाही.

एवढं मोठं सरकार. त्याच्याकडे बंदुका आहेत, विमानं आहेत. आणि मिरची खुडणारी एक बाई आणि पाय गेलेली तिची सासू त्याला जड झाली. हे सरकार आम्ही निवडलेलं आहे. मी स्वतः रांगेत उभी राहून बोटाला शाई लावून घेतली आहे. तेव्हा ते दुसऱ्या कोणाचं आहे असं म्हणून मला हात झटकता येत नाहीत.

दिराने बुलढाण्याचा एक वकील धरला. तो कागद घेऊन शेडवर आला, पंच हुडकत. मुकादम म्हणाला मला काही आठवत नाही. वकिलाने मला कागद वाचून दाखवला. सदर महिला ओळख लपवून, लोकांच्या नजरेआड राहत असल्याचे आढळले. पंचांसमक्ष विचारले असता समाधानकारक उत्तरे देऊ शकली नाही. खाली माझी सही, वेलांटीसकट. पंच क्रमांक एक.

तिचं नाव रोशनआरा आहे, हे मला त्या कागदावरून कळलं. दोन वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं आणि नाव विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जीप धरून ठाण्यावर गेले. चष्मा लावून गेले. तिथल्या साहेबाला म्हटलं, "त्या बर्मावालीच्या कागदावर माही सही हाय. ते काढून टाका."

"आजी, केलेली सही निघत नसते."

"माणूस निघते, अन् सही नाही निघत?"

मी कोरा कागद मागितला. दिला नाही. बाहेरच्या दुकानातून आणला आणि त्यांच्याच बाकावर बसून लिहिला. मला लिहायला वेळ लागतो. जेवणाची सुट्टी होऊन गेली. मी लिहिलं की रोशनआरा लपून राहत नव्हती. ती रोज दिवसाउजेडी भर रस्त्याने सासूला पाठीवर घेऊन येत होती आणि सगळं गाव बघत होतं. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं तिने उत्तर दिलं, मी तिथे होते. मी कागद न वाचता सही केली. त्या कागदात लिहिलं आहे ते खोटं आहे. ह्यात लिहिलं आहे ते खरं आहे.

लिहिणारा शिपाई म्हणाला, "आजी, आता याचा काय उपयोग? त्या गेल्या."

"उपयोग मी पाह्यते. तू शिक्का मार अन् पोच दे."

त्याने बराच वेळ इकडेतिकडे बघितलं. मी बाकावरून उठले नाही. शेवटी त्याने वही ओढली. अर्जदाराचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, मग विचारलं, "तिच्याशी तुमचं नातं काय?"

मी म्हटलं, "लिही, पंच क्रमांक एक."