आधी मेन बंद

"हात कुणी लावला ह्याला?"

दारात पाऊल पडायच्या आत हा प्रश्न. उजव्या हाताची पालथी बाजू मीटरच्या पेटीला हळूच टेकवायची, मान तिरकी करायची आणि घरातल्या प्रत्येकाकडे चोर असल्यासारखं बघायचं. चिकलठाण्यातल्या आमच्या गल्लीच्या या वायरमनइतका उद्धट माणूस तुम्हीही पाहिला नसेल. मला तो अजिबात आवडत नसे, आणि आता तो नाही म्हणून मी गोड बोलणार नाही.

साधं बटण बदलायचं तरी "आधी मेन बंद" म्हणून अख्ख्या घराची लाईट घालवायचा. शेजारणीची चटणी मिक्सरमध्ये अर्धवट राहिली तेव्हा ती भांडायला उठली. हा म्हणाला, "पाट्यावर वाटा. पाट्याला करंट लागत नाय."

एकदा मे महिन्यात भर दुपारी आमच्या अर्ध्या घरातला विजेचा दाब उतरला. बाबांच्या खोलीतला पंखा रेंगाळू लागला आणि त्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. स्वयंपाकघरात मात्र दिवा नेहमीपेक्षा लख्ख. मी बाबांना छोटा सिलेंडर लावला. तो जेमतेम तासभर पुरणार. वायरमनला फोन केला, पण त्याची वाट बघत बसायला धीर कुणाला? स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून आणली आणि मशीनची पिन घालणार, तोच हा दारात.

त्याने लख्ख दिव्याकडे पाहिलं आणि मेन खाली ओढला.

"काका, आत पेशंट आहे," मी ओरडले.

"म्हायतीये. पिन ठिवा खाली. न्यूट्रलची वायर जळालीय बाई. तिकडं कमी झालेला दाब इकडं चढलाय. मशीन फुकलं असतं तुम्ही. शिकलेल्या माणसाला येवढं कळू नाय?"

बाबांना ऐकू जाईल असं बोलला तो हे. वर फ्यूज काढून खिशात टाकले, जणू मी पुन्हा घालीन. मग काळी पडलेली वायर कापून, सोलून नवीन जोडत बसला. दोनदा काम टाकून चपलांसकट बाबांच्या खोलीत गेला आणि सिलेंडरचा काटा बघून आला. त्या चपलांचाही मला राग आला.

लाईट आली. एकेक प्लग तपासून मगच त्याने मशीन लावू दिलं. "फ्रिज मात्र गेला तुमचा," हे त्याने खुशीत सांगितल्यासारखं सांगितलं. मी चहा विचारला नाही.

त्यानंतर महिन्या-महिन्याला तो न बोलावता यायचा. पेटीला हात टेकवायचा, स्क्रू आवळायचा, बाबांना "चालूय ना?" विचारायचा आणि माझ्याशी भांडून जायचा. बाबा त्याची वाट बघत. मला कुणीतरी रागावतंय, याची त्यांना मजा वाटे.

यंदा फाल्गुनात तो गेला. बाबांना मी सांगितलेलं नाही.

परवा पुन्हा स्वयंपाकघरातला दिवा लख्ख झाला. मशीनची पिन काढली, सिलेंडर लावला, नवीन वायरमनला बोलावलं. गोड माणूस. हसत म्हणाला, "काही होत नसतं ताई," आणि तसाच पेटीत हात घालू लागला.

"हात लावू नको," मी खेकसले. "आधी मेन बंद."

आतून बाबांनी विचारलं, "आला का गं तो?"