शुक्रवारचा रंग

क्लिपांच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या आहेत. नातवंडांना तर त्या पाठ आहेत. पण सांगता सांगता पडघ्यापाशी आलो की मी विषय बदलायचो. इतकी वर्षं टाळलं, आता लिहून टाकतो.

भिवंडीत माझं उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. मी जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त करायचो. शेठने माग भंगारात काढले तेव्हा मी पडवीत हाताने दांडा ओढून प्लास्टिकच्या वस्तू बनवायचं मशीन बसवलं आणि ब्रेडच्या पिशवीचं तोंड बंद करायच्या क्लिपा काढू लागलो. अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी चपटी चकती, तिला एक खाच. खाच रुंद झाली तर पिशवी सुटते, अरुंद झाली तर फाटते. साचा मी स्वतः कानशीने घासून जमवला होता. आमच्या क्लिपेची पिशवी एसटीतून धक्के खात गणेशपुरीला गेली तरी सुटायची नाही.

रंगांची युक्तीही माझीच. बेकरीच्या मालकाला म्हटलं, रोजचा रंग वेगळा ठेवा, ताजं-शिळं लांबून कळेल. शनिवारी पांढरा, असं करत गुरुवारी हिरवा. शुक्रवारी गावातले माग बंद, म्हणून बेकरीही बंद. थोड्याच दिवसांत बायका दुकानात तारीख बघायच्या सोडून रंग मागू लागल्या. आमच्या आळीत मला लोक क्लिपवाले म्हणत, आणि मला ते आवडायचं.

पडघ्याला हायवेलगत माझ्या थोरल्या बहिणीची चहा-आम्लेटची टपरी होती; ब्रेड याच बेकरीचा. क्लिप माझा भाऊ करतो, हे ती येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगायची. कुठल्या वाराला कुठला रंग, हेही तिनेच त्यांना शिकवलं होतं.

पुढे बेकरी शुक्रवारीही चालू झाली. मालकाने आणखी एक रंग मागितला. मी हसलो.

"शेठ, शुक्रवारी भिवंडीत ब्रेड खातंय कोण? हिरव्याच लावा."

माझ्या डोक्यात शुक्रवार हा कामाचा वारच नव्हता. मागवाल्याला तो नसतोच. माल हायवेलाही जातो, हे ध्यानातच आलं नाही.

त्या पहिल्याच शुक्रवारी मी ताईच्या टपरीवर बसलो होतो. एका ड्रायव्हरने पिशवीची क्लिप काढून वर धरली.

"भाभी, ये तो कल का हरा है. हमको सिखाया भी आपने, और बासी भी हमीं को?"

"भाई का माल है, खपाना तो पड़ेगा," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

ताई माझ्याकडे वळली. "सांग रं यांना. सकालीच आलाय, हाताला गरम लागत व्हता."

मला त्याच क्षणी उमगलं. पण एवढ्या माणसांत माझा रंग चुकला म्हणायला जीभ वळेना. मी म्हणालो, "क्लिप खोटं बोलत न्हाय, ताई. टेम्पोवाल्यानं कालचा माल दिला असंल."

तिने ब्रेडला नाक लावून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि सगळ्या पिशव्या नेऊन टपरीमागे बांधलेल्या म्हशीपुढे रिकाम्या केल्या.

"माझ्याकडं शिलं मिलत न्हाय," ती ड्रायव्हरांना म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने आम्लेटबरोबर ब्रेडऐवजी तांदळाची भाकरी द्यायला सुरुवात केली. त्या भाकरीने तिचं नाव झालं. दिघाशी गावची माणसं वाट वाकडी करून तिच्याकडे येत, ट्रकवाले तव्यापाशी ताटकळत उभे राहत. माझ्या सगळ्या क्लिपांपेक्षा मला तिच्या त्या भाकरीचा अभिमान जास्त आहे.

पुढच्या आठवड्यात मी शुक्रवारसाठी जांभळा रंग गुपचूप काढला. इतर दुकानांत तिने तो पाहिला असणार. मी खरं सांगायचं ठरवून कितीदा पडघ्याला गेलो. तोंड उघडायच्या आत ती ताट पुढे सरकवायची, "आधी खा." खाऊन मी निघून यायचो.

हायवे रुंद झाला तेव्हा टपरी गेली, आणि काही वर्षांनी ताईही. ब्रेड ताजा होता, हे तिला ठाऊकच होतं. पण ते मी सांगायला हवं होतं, त्या ड्रायव्हरांच्या देखत: ताई, ब्रेड आजचाच आहे, चूक माझी आहे, मला माफ कर.