डब्याच्या बेटाचं टपाल

आमच्या फुवांइतका अस्सल दर्यावर्दी माणूस सबंध पश्चिम खानदेशात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आता त्यांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी. नंदुरबारला आगगाडीत बसलं की सुरत, आणि सुरतेहून समुद्र तो केवढा लांब! पण छे, फुवा गेले नाहीत. कुणी छेडलंच तर मिशीत हसून म्हणायचे, "समुद्र देखाले कसाले जावानं? तो टपालमा घर येस ना!" समोरचा माणूस आपला चहा पिऊन निघून जायचा.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. आमचे हे फुवा प्रकाशा गावाच्या अलीकडचे, तापीकाठचे शेतकरी. कापूस, ज्वारी, मिरची, दाराशी बैलजोड्या, सगळं काही यथास्थित. डोकं ठिकाणावर असावं अशी सगळी सोय देवाने केलेली होती. पण एकदा नव्या गाडीसाठी सागाचं लाकूड बघायला ते नवापुरला गेले आणि सगळं बिनसलं. तिथे एका गोऱ्या पाद्रीसाहेबाच्या ओसरीवर पाणी प्यायला थांबले, तर टेबलावर एक लखोटा पडलेला. जांभळे, हिरवे, तांबडे असे इतके शिक्के मारलेले की पत्ता शोधावा लागत होता. फुवांनी सहज विचारलं आणि साहेबाने आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, की पार तिकडच्या महासागरात एक बेट आहे. त्याला धक्का नाही, बंदर नाही, चहूकडे नुसता काळा खडक. बोट लांबच उभी राहते आणि टपाल पत्र्याच्या डब्यात, कथलाचा डाग देऊन बंद करून सरळ समुद्रात टाकते. मग बेटावरची माणसं लाकडाचा ओंडका छातीशी धरून पोहत जातात आणि तो डबा ओढून आणतात. जाणारी पत्रंही तशीच पोहत बोटीपर्यंत पोचवतात. म्हणून लोक त्याला डब्याचं बेटच म्हणतात.

झालं! फुवा लाकूड विसरले. तापीच्या पुरात पोटाला सुके भोपळे बांधून या तीरावरून त्या तीरावर जाणारा माणूस तो, त्याला हे ऐकून दुसरं काय सुचणार? "डबामा टपाल, पाणीमा डबा, आणि पाणीमा माणूस! अरे, ही तं आपलीच माणसं शेतस!" असं म्हणून त्यांनी साहेबाकडे तो लखोटा मागितला. साहेब भला माणूस, त्याने देऊन टाकला. फुवा तो धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आले. लाकूड कुठे आहे, असं फुईने विचारलं तेव्हा त्यांनी लखोटा दाखवला. त्यानंतर दोन दिवस त्या घरात भाकरी फार जोरात थापली जात होती, असं शेजारचे सांगतात.

तिकिटं जमवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. चिमट्याने धरायचं, भिंगातून बघायचं, आणि दुसऱ्याच्या हातातलं जास्त चांगलं असलं की रात्री झोप लागू द्यायची नाही, असा तो एकंदर पंथ. फुवा त्यातले नव्हेत. तिकिटाकडे ते ढुंकूनही बघत नसत. नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याने मोठ्या प्रेमाने त्यांना विलायतेचं पाकीट आणून दिलं, तर त्यांनी त्यात तंबाखू भरली. "तिकीट काय, छापखानामा व्हस. पोहणारा छापखानामा व्हस का?" हा त्यांचा सवाल होता. त्या एका बेटावरून पोहत निघालेलं आणि बोटीने आलेलं टपाल, एवढंच त्यांच्या लेखी टपाल. बाकी सगळा कचरा. असे लखोटे मिळवायला त्यांनी मुंबई-कलकत्त्याच्या शौकिनांशी संधान बांधलं. मी शहाद्याला शाळामास्तर, लोणखेड्यात राहायला, त्यामुळे इंग्रजी पत्रं लिहिण्याची कामगिरी आपसूक माझ्या गळ्यात पडली. मोबदल्यात फुवा नंदुरबारी मिरचीचं गाठोडं पाठवायचे. कलकत्त्याच्या एका गृहस्थाने ती मिरची तिकडच्या मिरचीसारखी सढळ हाताने आमटीत घातली असावी. त्याचं पुढचं पत्र वाचताना मलाच ठसका लागला. पण लखोटा मात्र त्याने इमानाने धाडला.

लखोटा आला की फुवा आधी तो नाकाशी न्यायचे आणि मग हळूच जिभेचं टोक लावायचे. "खारट शे!" असं म्हणताना त्यांच्या तोंडावर जे काही पसरायचं, ते मी काशीहून परतलेल्या माणसांच्या तोंडावरही पाहिलेलं नाही. हे सुख एकट्याने भोगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाहुण्यालाही चाखावं लागे. पुतणीचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा आला, तेव्हा पाटावर बसवून, गंध लावून, पुरणपोळीच्या आधी त्याच्यापुढे लखोटा धरला गेला. बिचाऱ्याला वाटलं ही इकडची रीतच असेल. त्याने भक्तिभावाने चाटला आणि वर नमस्कार केला. फुवांनी त्या जावयाला जन्मभर अंतर दिलं नाही.

आणि ठेवण्याची तऱ्हा ऐका! बेटावरचं टपाल डब्यात बंद असतं, तर आपलंही तसंच हवं, असं फुवांच्या मनाने घेतलं. त्यांनी शहाद्याहून कल्हईवाला बोलावला, रॉकेलचा रिकामा डबा धुऊन पुसून कोरडा केला, आत कडुलिंबाचा पाला घातला, लखोटे ठेवले आणि डब्याला वरून डाग देऊन तो कायमचा बंद केला. आता कौतुकाची वस्तू दाखवल्याशिवाय करमतं का? पाहुणा आला की शहाद्याला गाडी जुंपायची, कल्हईवाल्याला आणायचं, डबा उघडायचा, दाखवायचा आणि पुन्हा बंद करायचा. तो कल्हईवाला पुढे पुढे इतका घरचा झाला, की फुई सणाला त्याचंही ताट वाढून ठेवी. गावातल्या सगळ्या भांड्यांना त्या काळात जी चकाकी होती ती पुन्हा आली नाही.

एका पावसाळ्यात तर कमाल झाली. त्या पोहणाऱ्यांना काय वाटत असेल ते कळलं पाहिजे म्हणून फुवांनी मेणकापडात एक पत्र गुंडाळलं, ते काठीला बांधलं, काठी एका हातात उंच धरली आणि भरल्या तापीत उडी घेतली. वय पन्नाशीच्या पुढे! अलीकडे फुई त्यांच्या नावाने ओरडत होती, पलीकडे तलाठी उभे होते. पत्र त्यांनाच लिहिलेलं. ओलेचिंब फुवा वर आले, पत्र दिलं आणि उत्तरासाठी हात पुढे करून उभे राहिले. पत्रात एवढंच होतं: "पोचलं का?" तलाठ्यांनी उत्तर सरकारी टपालाने पाठवलं, म्हणून फुवा कितीतरी दिवस त्यांच्यावर रुसून होते.

हसायला येतं, पण खरं सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. मी नकाशावर शिकवत होतो ते जग त्यांनी आपलंसं केलं होतं. इकडे वारा सुटला की ते जेवताना थांबत. "आज बोट उभी ऱ्हायनी व्हई का?" म्हणून विचारत. ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशा माणसांची काळजी करणारा माणूस दुसरा दाखवा की!

पण एक शल्य होतं. जमवलेले सगळे लखोटे दुसऱ्यांच्या नावाचे होते. "मास्तर, एक तरी मन्हा नावना पाहिजे," ते एकदा म्हणाले, आणि इतक्या हळू आवाजात म्हणाले की मी थट्टा करायचं विसरलो. लखोट्यांवर ते शिक्के मारणाऱ्या बेटावरच्या दुकानदाराला मी पत्र लिहिलं, सोबत फुवांचं नाव, गाव, तालुका शहादा असा पत्ता घातलेला रिकामा लखोटा आणि परतीच्या टपालाचं कुपन पाठवलं. त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आमचा नेहमीचा टपालवाला तर फुवांच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरून मान हलवी आणि मगच पुढे जाई. फुवा म्हणायचे, "येई. समुद्र मोठा शे."

त्या साली नंदुरबारकडे पटकीची साथ होती. तरी कापसाच्या गाड्या घेऊन फुवा नंदुरबारला गेले. पेठेतले भाव बसल्यामुळे त्यांना तिथे ठरल्यापेक्षा जास्त राहावं लागलं. मीही शाळेच्या कामाला तिकडे होतो, म्हणून परतताना त्यांच्याच गाडीत बसलो. गावात शिरलो तर दारात ही गर्दी! बायका ओल्या लुगड्यांनी बसलेल्या आणि रडणं चाललेलं. आम्हाला पाहताच एक म्हातारी किंचाळून भिंतीला टेकली. फुवांनी गाडीतूनच उडी टाकली. "काय करी ऱ्हायनात? कोण गया?"

हळूहळू उलगडा झाला. आदल्या दिवशी टपाल आलं होतं. नेहमीचा टपालवाला रजेवर, बदली माणूस नवखा. त्याने नुसतं फुवांचं नाव घेतलं, लखोटा फुईच्या हातात दिला आणि निघून गेला. लखोट्याचा एक कोपरा फाटलेला होता. मयताची बातमी द्यायची तर पत्राचा कोपरा फाडून पाठवायचा, ही आपल्याकडची रीत; तो दिसल्यावर शिक्क्यांकडे कोण बघतो? असं पत्र कोणी उंबऱ्याच्या आत नेत नाही. बाहेरच वाचायचं, फाडून पाण्यात सोडायचं आणि आंघोळ करायची. त्यात मजकूर इंग्रजी आणि गावात इंग्रजी वाचणारं कोणी नाही. कोण गेलं ते कळेना, पण कोणीतरी गेलं हे तर नक्की! तेव्हा जिला जे माणूस आठवलं तिने त्याच्यासाठी रडून घेतलं. एकीने तर हयात असलेल्या, मोलगीच्या बाजारात बसलेल्या आपल्या भावाचे गुण गायले. रात्रभर लखोटा अंगणातच पडून राहिला, आणि वाचणारं कोणी आलं नाही तेव्हा सकाळी फुवांच्या चुलत्यांनी वडीलकीच्या नात्याने तो फाडला आणि तापीत सोडला.

फुई मात्र रडली नव्हती. साथीच्या गावाला गेलेला नवरा दिवस उलटले तरी परतला नव्हता. तेव्हा पत्र कशाचं असणार, हे घरच्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं. जावा बांगड्या उतरवायला पुढे आल्या, तशी ती दोन्ही हात पाठीमागे घेऊन रात्रभर भिंतीशी बसून राहिली. "वाचाले माणूस येत नही तोवर मी बांगड्यासले हात लावू देवाव नही," एवढं एकच बोलत होती. आता फुवांना समोर पाहून ती उठली, आणि सासरे, दीर, सगळा गाव बघत असताना तिने त्यांचा हात धरला. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

फुवांनी तिला रडू दिलं. मग चुलत्यांना विचारलं, "शिक्का जांभळा व्हता का?" ते म्हणाले, "व्हता. हिरवा बी व्हता. पाणीना डाग बी व्हतात." फुवांकडे बघण्याची माझी हिंमत होईना. ज्याच्यासाठी हा माणूस दोन पावसाळे झुरला, ते बोटीत, गोणीत, कुठेतरी कोपऱ्याला घासटलेलं पत्र दारापर्यंत येऊन तुकडे होऊन नदीत गेलं होतं. फुवांनी एकदा तापीकडे पाहिलं. मग म्हणाले, "काका, तुम्ही रीतप्रमाणे करं. तुमनी काय चूक?" आणि बायकांकडे वळून म्हणाले, "कोणी मरेल नही. ऊठा, चहा ठेवा."

पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, "फुवा, दुसरं पत्र लिहू?" ते लगेच म्हणाले, "नको मास्तर. टपालवाला दिसना का ती आजून दार लावी लेस." पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. आल्यागेल्याला डबा उघडून दाखवताना मात्र न चुकता सांगायचे की सगळ्यात भारी लखोटा यात नाही, तो तापीत आहे. एवढं मोठं मन मला तरी पुन्हा कुठे दिसलं नाही.

काही दिवसांनी फुईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, त्या बेटवालाले लिख. पत्तावर मन्हं नाव टाक. मन्हा नावनं उनं म्हणजे माले भ्याव वाटाव नही, आणि यासले बी भेटी जाई." जन्मात अक्षर न गिरवलेल्या त्या बाईच्या नावाचा लखोटा मी त्या बेटाकडे रवाना केला. फुवांना कळू दिलं नाही. पण लगेच लढाई पेटली, बोटी बंद झाल्या, आणि लढाई चालू असतानाच एका उन्हाळ्यात फुवा गेले. दुखणं साधंच होतं. फुईच्या नावाचं टपाल येतंय, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

आता लढाई संपली आहे. परवा गेलो तर फुई ओसरीवर डाळ निवडत बसली होती. मला बघताच तिने विचारलं, "बोटी सुरू व्हयन्यात का रे भाऊ?" मी म्हटलं, "झाल्या म्हणतात. पण फुई, इतक्या वर्षांनी आलंच तर फाटकंतुटकं येईल." ती सुपातला खडा वेचत म्हणाली, "येऊ दे. कोपरा फाटेल ऱ्हायना तरी चाली. आते घाबरासारखं काय ऱ्हायनं?"