त्या नावाची कंपनी

चाकणच्या वर्कशॉपांत सार्थकला कुणी आडनावानं ओळखत नसे. तो 'घणवाला सार्थक'. घण-ऐरण फायनान्स या कर्ज देणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. लेथ मशीन घ्यायचं असो, कॉम्प्रेसर घ्यायचा असो, बँकेनं वाटेला लावलेली माणसं घण-ऐरणच्या दारात येत. आत गेलं की सार्थक भेटे. खंडेनवमीला त्याला इतक्या मशीनपूजांची बोलावणी असत की पेढे खाऊन रात्रीचं जेवण नको होई.

वडील परभणीहून आले होते. भोसरीच्या फाउंड्रीत राबले आणि गेले. घरी आता तो आणि आई. विमलबाई शेजारणींना सांगत, "आमचं लेकरू घण-ऐरणमधी साहेब हाये."

लग्न जमत नव्हतं. शेत नाही, फ्लॅट भाड्याचा, वय तिशीच्या पुढं. मुलीकडचे पोहे खात, पाणी पीत आणि जात. मग आईच्या भिशीतल्या शालनबाईंनी स्वरूपाचं स्थळ आणलं. मुलगी आळंदीची, रावेतच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला. वडील नव्हते. मामा सोपानराव सगळं बघत. पत्रिका आधीच जुळवून घेतली होती.

पाहण्याच्या दिवशी दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं.

"पगार थोडा इकडेतिकडे चालेल," स्वरूपा म्हणाली. "खोटं नको. मागच्यानं नोकरीच खोटी सांगितली होती."

"मी घण-ऐरणला आहे. कधीही येऊन बघा."

"मामा येतीलच. न सांगता येतात ते." ती हसली. सार्थकही हसला. त्या दिवसापासून तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जाऊ लागला. न जाणो, आज येतील.

त्याच महिन्यात कंपनीत मुंबईचे भागीदार आले. त्यांना घण नको होता, ऐरण नको होती. नाव ठरलं ऑर्विझा कॅपिटल. माणसं तीच, पगार तोच, खुर्च्याही त्याच. फक्त जुनं नाव कुणाच्या तोंडून निघायला नको, अशी सक्त सूचना होती. शाखेतल्या सगळ्यांना शिकवायचं काम सार्थकवर आलं. त्यानं ते मनापासून केलं. दारावरच्या भैरूनानांनासुद्धा शिकवलं.

"नाना, कुणी घण-ऐरण कुठंय विचारलं तर सांगायचं, त्या नावाची कंपनी आता इथं नाही. आता ऑर्विझा कॅपिटल आहे."

"आर... व्हि... काय त्ये?"

"ऑर्विझा."

"ही जीभ भाकरीवर वाढलीया, साहेब. पयलं वाक्य जमंल. दुसरं तुमीच बोला."

सगळं ऑफिस हसलं. सार्थकनंही ते तिथंच सोडलं.

जुना बोर्ड सोमवारी उतरवला. नवा वेळेवर आला नाही. तोवर दारावर नुसती भिंत होती. बोर्डाच्या जागी रंग उजळ राहिला होता आणि कोपऱ्यांत भोकं होती. त्या दिवसांत सार्थक गावभर फिरून गिऱ्हाइकांना नवं नाव सांगत होता.

आठवडा सरता सरता शालनबाईंचा फोन आला.

"पत्रिका जुळत नाही म्हणतात रे."

"ती तर जुळलीये, काकू."

"अरे बाबा, नाही म्हणायची ती रीत असते."

दुसऱ्या दिवशी तो एका वर्कशॉपमध्ये उभा असताना स्वरूपाचा मेसेज आला. 'कंपनी बंद पडली तर पडली. सांगायचं होतं. मी थांबले असते.' त्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. लेथ चालू होतं. त्यातून लोखंडाची कुरळी चकाकती पट्टी निघत होती. त्यानं फोन लावला. तिनं उचलला नाही. मालकानं विचारलं, "सही कुठं करू, राव?" त्यानं बोटानं जागा दाखवली.

ऑफिसला परतला तेव्हा नवा बोर्ड लागला होता. निळा, गुळगुळीत. भैरूनाना स्टुलावर बसून बिडी विझवत होते.

"साहेब, भिंत मोकळी हुती तवा दोन पाव्हणं आलं हुतं. घण-ऐरण इचारत हुतं. म्या तुमी शिकिवल्यावानी सांगितलं. त्या नावाची कंपनी हितं न्हाई."

"आणि?"

"तुमाला बी इचारलं. तोंडावनं भांडाय आल्यावानी वाटलं. म्हनलं, न्हाई हितं तसं कोन. उगं तुमच्या डोक्याला ताप." नानांनी विझलेली बिडी कानामागं खोचली. "बराबर केलं न्हवं?"

"बरोबर केलंत," सार्थक म्हणाला.

तो आत गेला नाही. बोर्डाखालीच उभं राहून त्यानं सोपानरावांना फोन लावला. सगळं सांगितलं. आवाज आपलाच आहे असं त्याला वाटत नव्हतं.

"खरं असंल हो तुमचं," सोपानराव म्हणाले. "पण मी मोकळी भिंत बघितली. चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, रातोरात गेले उठून."

"मामा, आत्ता या. बोर्ड लागलाय. मी बाहेरच उभा आहे."

"काल मोशीच्या स्थळाला शब्द दिला. लग्न ठरल्याचा नारळही झाला." मग ते म्हणाले, "दारावरचा तो म्हातारा कोण तुमचा?"

सार्थकनं नानांकडं पाहिलं. ते फडक्यानं त्याच्या गाडीची सीट पुसत होते. रोज पुसत, कुणी सांगितलं नसताना.

"नवीन आहे," तो म्हणाला.

"काढून टाका त्याला."

"हो."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, या स्थळाशी आपण बोललेलं हे पहिलं खोटं. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. भूक लागली आहे का, तेही कळेना.

नाना फडकं झटकत आले. "साहेब, आळंदीचं कुठवर आलं? पेढं कवा?"

सार्थकनं रिकामं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसला.

"नाना, दुसरं वाक्य राहिलंय तुमचं. म्हणा, ऑर्."

"आर्."

"ऑर्."

"आवो, आता काय घाई हाय?"

"काही नाही," सार्थक म्हणाला. "म्हणा. ऑर्. वि. झा."