लंकाबाई आणि गप पाणी

खेड्यातल्या बाईला पोहता येत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याचं नाव द्या, मी जाऊन भेटतो. डिंभे धरणाच्या पाण्यावर असले लोक सुट्टीत सहलीला येतात, काठावर धुणं धुणाऱ्या बायांचे फोटो काढतात आणि वर हसून विचारतात, "पोहता येतं का हो तुम्हाला?" हे त्यांच्यासाठी लिहितोय.

लंकाबाई आमच्या आंबेगाव तालुक्यातली. जन्म घोड नदीच्या काठचा. सात वर्षांची असताना बापानं पाठीला वाळका भोपळा बांधला आणि तिला डोहात ढकललं. पुढं पावसाळ्यात नदी भरून वाहत असली तरी पलीकडच्या वावरात जावंच लागायचं. त्याची रीत ठरलेली होती. धारेशी भांडायचं नाही. तिच्याबरोबर वाहत जायचं, तिरकं कापत राहायचं आणि खाली लांब कुठंतरी बाहेर निघायचं.

मग धरण झालं. घर गेलं, वावर गेलं, आणि वाहत्या नदीच्या जागी उभं पाणी आलं. तो विषय काढला की माझं डोकं फिरतं, म्हणून इथंच सोडतो. लंकाबाई पोटासाठी मंचरला हस्तीमल शेठच्या घरी कामाला लागली. शेठचं कापडाचं दुकान. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना धरून उठवायचं-बसवायचं काम लंकाबाईचं. सुट्टीला मात्र ती धरणाकाठी लेकाकडे यायची.

२००४ च्या जानेवारीत शेठनी कोचीनहून जहाजानं बेटं बघायची सहल ठरवली. सुमतीबाई म्हणाल्या, "लंकाबाई नसेल तर मी घरीच बरी." अशी आमची बाई जहाजात चढली.

तिसऱ्या दिवशी जहाज एका बेटाजवळ थांबलं. छोट्या होड्यांतून चाळीसेक माणसं वाळूवर उतरवली. शेठची नात टीना सोळा वर्षांची, पुण्याच्या तलावात शिकलेली, शाळेकडून बक्षिसं आणलेली. तिला कधी एकदा पाण्यात पडते असं झालेलं. सहलीबरोबरचा गाईड लंकाबाईला म्हणाला, "मावशी, तुम्ही सावलीत बसा. हा समुद्र आहे, विहीर नाही."

"बसते की. तुमच्या समुद्राला काय शिंगं हाईत व्हय?"

टीनानं मात्र तिलाच विचारलं, "मावशी, कुठं उतरू?"

लंकाबाईनं पाणी पाहिलं. दोन्ही अंगांना लाटा पांढऱ्या होऊन आपटत होत्या. मधे तीसेक पावलांची एक पट्टी सपाट होती, लाट नाही की फेस नाही. "हितं उतर," ती म्हणाली. "हितं पाणी गप हाय."

इथंच ती चुकली. लाटांनी काठावर आणून ओतलेलं पाणी परत समुद्रात जायला वाट काढतं, आणि ती वाट म्हणजे हीच सपाट पट्टी. पण दहा-बारा वर्षं धरणाचं पाणी बघून तिच्या डोळ्याला सवय लागलेली, की हलत नाही ते पाणी चांगलं.

थोड्या वेळानं सुमतीबाई म्हणाल्या, "अगं, टीना एवढी लांब का गेली?"

टीना काठाकडे तोंड करून हात मारत होती आणि मागे मागे जात होती. पट्टीतला पालापाचोळाही सरळ आत चालला होता. लंकाबाई मला सांगते, "राव, तवा मला समुद्र दिसलाच न्हाई. आमची नदी दिसली. धार व्हती ती."

तिनं लुगड्याचा काष्टा आवळला. गाईडनं दंड धरला. "मावशी, थांबा, दोरी आणतो."

"दोरी येस्तवर पोरगी जाईल. हात सोड."

ती त्याच पट्टीत शिरली, कारण तीच धार तिला टीनापर्यंत लवकर नेणार होती. टीना रडकुंडीला आलेली. "मावशी, काठ येतच नाहीये."

"येणारच न्हाई. भांडू नगं तिच्याशी. माझ्या खांद्याला धर. गळ्याला धरलंस तर मार खाशील."

मग ती आडवी निघाली, डाव्या अंगाला.

"तिकडं लाटा आहेत," टीना ओरडली.

"आसू दे. त्याच आपल्याला काठावर टाकत्यात."

दोनशे पावलं पलीकडं लाटांनी दोघींना वाळूवर आणून आपटलं. शेठ अनवाणी धावत आले आणि त्यांनी लंकाबाईला हात जोडले. गाईड सगळ्यांना सांगत होता, "नशीब बलवत्तर."

लंकाबाई खोकत उठून बसली. "नशीब न्हाई आन माझा पराक्रम बी न्हाई. मीच तिला तिथं उतरवली. गप पाणी बगून फसले मी."

टीना काही बोलली नसती. चाळीस माणसांपुढं हे सांगायची बाईला काही गरज नव्हती. पोरीला तिनं काढली याचा मला अभिमान आहेच, पण या बोलण्याचा जास्त आहे. आपली चूक अशी उघड्यावर कबूल करणारा एक साहेब मला तालुक्यात दाखवा.

सुमतीबाई म्हणाल्या, "तुला ठेवायची का काढायची ते घरी बघू. आधी डोकं पूस." आणि स्वतःच्या पदरानं त्यांनीच तिचं डोकं पुसलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या बेटावर गाईडच तिच्याकडे आला. "मावशी, आज लोकांना कुठं उतरवू?" तिनं पाण्यात एक करवंटी फेकली, ती कुठं जाते ते बराच वेळ पाहिलं, आणि मग जागा दाखवली.

आता दर रविवारी ती धरणाच्या काठी पोरींना पोहायला शिकवते. पहिल्या दिवशी पाण्यात सोडतच नाही. काठावर उभं करते, काडी टाकायला लावते, बघायला लावते. आज तेवीस पोरी येतात. आमच्या पोरी रोज होडीतून शाळेला जातात, तरी कितीतरी आया म्हणतात, पोरीच्या जातीला पोहणं कशाला. त्या आयांशी मी भांडून थकलो, म्हणून आता तुम्हालाच सांगतो. तुमच्या मुलीला आठवं लागलं असेल, तर येत्या रविवारी सकाळी आठला तिला डिंभ्याच्या काठावर लंकाबाईकडे घेऊन या. सोबत कोरडे कपडे द्या, आणि घरात ट्रकची जुनी ट्यूब पडली असेल तर तीही आणा.