कोर्टाची पायरी

उधन्याच्या कापड कारखान्यात लूममध्ये आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दोन बोटं गेली. त्याच्या भरपाईच्या केसच्या प्रत्येक तारखेला ते जुन्या कोर्टाच्या पायरीशी चपला काढायचे, देवळात काढतात तशा. शिपाई हसायचे, आणि मला राग आबांचाच यायचा. "इथे काय देव बसलाय?" मी ओरडायचो. ते अनवाणीच आत जायचे आणि पुढची तारीख घेऊन बाहेर यायचे. यातच माझी दाढी पांढरी व्हायला लागली.

परवा ते कोर्ट पाडायला घेतलं. मी आबांना बघायला नेलं. पायरी जेसीबीने केव्हाच उखडली होती. आबांनी भर रस्त्यात चपला काढल्या, बराच वेळ ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "मग आपण जिंकलो का हरलो?"