आत्याच्या बोलण्याखालची ओळ

भुताचे सिनेमे मला लहानपणापासून आवडतात. डहाणूच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी रविवारी दुपारी पडदे ओढून घ्यायचे आणि मनसोक्त घाबरायचं, हा माझा शौक. म्हणून शाळेतल्या एका बाईंनी "तुमच्या तलासरीकडचा पाडा दिसतोय यात" असं म्हणत एका सिनेमाची लिंक पाठवली, तेव्हा सरावली गावातल्या आमच्या घरी नवऱ्याला शेजारी बसवून मी तो लगेच लावला.

सुरुवातीलाच पाटी होती. तीन विद्यार्थी डोंगराकडच्या एका पाड्यात गेले आणि बेपत्ता झाले. त्यांचा कॅमेरा सापडला, त्यातलं हे खरं चित्रण.

खोटं कशाला बोलू, पहिला अर्धा भाग उत्तम होता. एका दृश्यात कॅमेरा नुसता अंगणात ठेवलेला. काहीच घडत नाही. कोंबड्या दाणे टिपतायत. मग एकाएकी सगळ्या कोंबड्या एका कोपऱ्यापासून दूर सरकतात. बस, एवढंच. माझ्या हातावर काटा आला. न दाखवता घाबरवायला अक्कल लागते, आणि ती या दिग्दर्शकाकडे होती.

पुढे मात्र त्याचा धीर सुटला. पोरं जिवाच्या भीतीनं पळतायत, पण एकाच्याही हातून कॅमेरा सुटत नाही. न दिसणाऱ्या भुतावर त्याचं भागेना, त्याला चेहरा हवा झाला. आणि पडद्यावर जो चेहरा आला, तो माझ्या आत्याचा होता.

ती उंबऱ्यात उभी राहून आमच्या बोलीत म्हणत होती, "उन्हातून आलात, सावलीत बसा. पेज पिऊन जा." खाली सबटायटल होतं, "इथं आलेला परत जात नाही."

नवरा म्हणाला, "बंद कर." मी बंद केला नाही. तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, तलासरीची बस धरली, तिथून रिक्षानं पाड्यावर गेले. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून एकटी राहते, भात आणि नाचणी पिकवते. तिनं सांगितलं, शहरातली पोरं आली होती, भातशेतीवर माहितीपट करतो म्हणाली. तिनं त्यांना जेवू घातलं होतं.

मग ती हळूच म्हणाली, "शेजारची सून हल्ली पोराला माझ्याकडे देत नाही. मला बघून पदराखाली घेते. मी काय केलं गं?"

आमच्याकडे बाईला भुताळी ठरवायला फार काही लागत नाही. एखादं पोर आजारी पडलं, एखादी गाय मेली, की पुरतं. त्यापायी बायकांना मार बसलाय, घर सोडावं लागलंय. विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या घरातलं हे आहे, पुस्तकातलं नाही.

मी तिथूनच दिग्दर्शकाला फोन लावला. सिनेमाच्या पानावर त्याचा नंबर होता.

"मॅडम, हा काल्पनिक सिनेमा आहे," तो म्हणाला. "शेवटी तसं लिहिलंय."

"सुरुवातीला खरं आहे म्हणून लिहिलंय, त्याचं काय?"

"तो या प्रकाराचा भागच असतो."

"मग भुताळी करायला नटी घ्यायची होती. माझ्या आत्याला विचारलंत?"

"त्यांचा चेहरा फार अस्सल आहे हो," तो म्हणाला. त्याला ती स्तुती वाटत होती. मी फोन ठेवला. अजून बोलले असते तर तोंडून शिवी गेली असती.

मग शेजाऱ्यांना आत्याच्या अंगणात बोलावलं, त्या सुनेलाही. मोबाइलवर तेच दृश्य लावलं आणि म्हटलं, "खालचं वाचू नका. ती काय बोलतेय ते ऐका." सगळ्यांनी ऐकलं. एक म्हातारा हसला, "ही तर पेज प्यायला बोलावते." सून खाली मान घालून म्हणाली, "मी आवाज बंद करून पाहिलं होतं. पोर निजलेलं होतं." थोड्या वेळानं तिनं कडेवरचं मूल आत्याच्या मांडीवर दिलं.

आत्यानं मात्र मला वेगळंच विचारलं. "ती पोरं हरवली म्हणतात ना त्यात? सापडली का गं?"

"सापडली. मुंबईत मजेत आहेत."

"बरं झालं," ती म्हणाली. माझा संताप त्यामुळे दुप्पट झाला.

मी सिनेमा दाखवणाऱ्या साइटकडे तक्रार केली, पुन्हा पुन्हा केली. शेवटी त्यांनी ती खालची ओळ काढली. दृश्य तसंच आहे. आत्या तशीच उंबऱ्यात उभी राहून जेवायला बोलावते, आणि तलासरीच्या बाजारात रोज कानावर पडणाऱ्या त्या बोलीखाली आता लिहिलंय, "अज्ञात भाषेतला मंत्र." माझ्या तक्रारी चालूच आहेत.